प्लॅस्टिकचं कलम

ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये राहत होतो तेव्हा मी एका प्लॅस्टिक कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. काम एकच: पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉन या एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन प्लॅस्टिकांचं जमवून देणं. दोन्ही एकत्र वितळवून पट्टी ओतली की वरून एकजीव दिसायची. वाकवली की खारीसारखे पापुद्रे सुटायचे. तुटक्या पट्ट्या सोलायला मुलीला फार आवडायचं. "आई, इट्स पीलिंग अगेन!" ती खूश, मी वैतागलेली.

उपाय रासायनिक होता. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळीवर एक छोटा रेणू बसवायचा, तो नायलॉनला धरून ठेवतो. वडिलांनी फोनवर विचारलं, "नक्की करतेस काय गो तू?" सोपं व्हावं म्हणून म्हटलं, "कलम करते, बाबा. प्लॅस्टिकवर." त्यांची रत्नागिरीकडे आंब्याची बाग. 'प्लॅस्टिक' त्यांनी सोयीनं गाळलं असावं, कारण पाठोपाठ काकूंचा फोन आला: "अगो, तिकडचा आंबा कसा असतो? येताना एक कलम आण."

त्याच सुमारास साहेबांनी मला उत्पादन विभागाची प्रमुख होशील का, असं विचारलं. मला ते हवंच होतं. वेळापत्रकं आखणं, माणसं लावणं, अडलेलं सोडवणं मला प्रयोगांपेक्षा जास्त जमतं. घरी पोहोचेपर्यंत गाडीतच पहिल्या महिन्याचा आराखडा तयार झाला.

मग वकिलांना फोन केला. ग्रीन कार्डच्या अर्जात माझं काम नेमकं लिहिलेलं. ते बदललं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. आणि अर्ज पुढे सरकल्याशिवाय नवऱ्याला नोकरीचा परवाना नाही. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुण्यात त्याच्या हाताखाली मोठी टीम होती. इथं मुलीला शाळेत सोडायचा, आणायचा आणि शेजाऱ्यांचे पंखे फुकट दुरुस्त करायचा. पैसे घ्यायची मुभाच नव्हती.

"घे ना प्रमोशन," कणीक मळता मळता तो म्हणाला. "माझे फुलके आता गोल येतात. सेटल झालोय मी, यार."

"खरं सांग."

त्यानं मळणं थांबवलं नाही. "खरं सांगितलं तर तू घेणार नाहीस."

रविवारी वडिलांचा फोन आला. बढतीचं सांगावं की नाही, या विचारात मी होते. त्यांनीच विचारलं, "कलम धरलं काय गो?"

"नाही अजून."

"मग जागचं हलवू नको. जीव धरेपर्यंत कुंडी हलवायची नाही."

ते आंब्याचंच बोलत होते. मी "बरं" म्हटलं आणि सोमवारी साहेबांना नकार कळवला. ती जागा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली. त्याची वेळापत्रकं मला रोज दिसायची. त्यातल्या चुकाही.

मी मशीनपाशीच राहिले. साखळीवर रेणू बसवायला जे रसायन घालतो, तेच साखळी तोडतंही. जास्त पडलं की माल पाण्यासारखा पातळ होतो. मात्रा कमी करत करत एकदा पट्टी वाकवल्यावर नुसती पांढरी पडली, पापुद्रे सुटले नाहीत.

ती घरी आणली. मुलीनं नख लावून पाहिलं. "नॉट पीलिंग. बोअरिंग!" नवऱ्यानं दोन्ही बाजूंनी वाकवून बघितली. "धरलं की गं!"

"हे तरी धरलं," मी म्हटलं.

त्यानं पट्टी ओट्यावर ठेवली आणि माझा उद्याचा डबा भरायला घेतला.