दुसऱ्या बाळंतपणाची सावड

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून मी निघाले तेव्हा आई रस्त्यापर्यंत आली नाही. जीपवाला हॉर्न वाजवत होता, कडेवर दोन महिन्यांचा आरुष होता, वाकलं की पोटाचे टाके अजून ओढत होते, आणि आई परसात भांडी घासत बसली होती. ती भांडी तिने सकाळीच घासली होती. बसच्या हादऱ्यांनी टाके दुखतील म्हणून माझ्या नवऱ्याने, महेशने, रेल्वेने जायचं ठरवलं होतं. मग जीपने महाड, तिथून रिक्षाने वीर स्टेशन, असा द्राविडी प्राणायाम झाला. त्या रिक्षाने जेवढी हाडं खिळखिळी केली तेवढी एसटीने पनवेलपर्यंत केली नसती, पण काळजी करणाऱ्या नवऱ्याला हे सांगायचं नसतं.

वाडीतल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. आरुषच्या वेळचं तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वरंधच्या सासरहून मी आईकडे आले होते. कळा सुरू झाल्या, तास गेले, पोलादपूरहून महाडला नेलं. बाळाचे ठोके मंदावले म्हणून डॉक्टरांनी तातडीने सिझर केलं. नर्सने माझा हिरवा चुडा उतरवून आईच्या ओंजळीत दिला आणि दार लावून घेतलं. आत मला भूल होती. बाहेर आईला काहीच नव्हतं. आम्ही दोघं सुखरूप राहिलो, पण त्यानंतर आई माझ्याकडे सरळ बघायची नाही.

महेश पनवेलजवळ कामोठ्यात राहायचा, तळोज्याच्या एका कंपनीची बस चालवायचा. त्याच्या खोलीवर मी संसार मांडला. सोसायटी, मेंटेनन्स, पार्सल, लिफ्ट बंद, असे शब्द तोंडात बसायला वेळ लागला नाही. वाडीत शिंकलं तरी चार घरांतून विचारपूस व्हायची, इथे शेजारच्या दारावरचं आडनाव वाचायला मला वर्ष लागलं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे आपल्याच वाडीच्या सुमनवैनी पलीकडच्या सेक्टरमध्ये डबे करतात, आणि आणखी चौघी कळंबोलीपर्यंत विखुरल्यात. हळदीकुंकवाला भेटायचो, फोटो काढायचो आणि आपापल्या लिफ्टने वर जायचो.

आरुष चार वर्षांचा झाल्यावर मला पुन्हा दिवस गेले. मी डॉक्टरबाईंना पहिल्याच भेटीत विचारलं, या वेळी नॉर्मल होईल का? मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. मागचा छेद खालचा आणि आडवा आहे, मध्ये पुरेसा काळ गेलाय, आणि मागच्या वेळची अडचण दर वेळी येतेच असं नाही, तेव्हा प्रयत्न करता येईल, असं त्या म्हणाल्या. पण गोड गोड बोलल्या नाहीत. क्वचित जुना व्रण कळांमध्ये उसवतो, तेव्हा मिनिटं मोलाची असतात. म्हणून घरी कळा काढत बसायचं नाही, पहिली कळ आली की इथे. ऑपरेशन थिएटर आणि रक्त तयार असेल, बाळाच्या ठोक्यांचं मशीन सतत लावलेलं असेल, आणि शंका आली की सिझर. तसं झालं तर ते तुमचं हरणं नाही, हेही त्यांनी बजावलं. मी घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते.

गावी जाऊन बाळंत व्हायचा प्रश्नच उरला नाही. म्हणून आईला फोन केला, तूच ये. ती म्हणाली, "दुसरं सासरचं असतं गो. मी कशी येऊ?"

माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेली, हे आईला माहीत नव्हतं थोडंच. मला असा राग आला की आठवडाभर मी फोनच केला नाही. महेशची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. कळा आल्या तर मला नेणार कोण आणि आरुषपाशी थांबणार कोण? पहिली कळ आली की इथे, हे सांगायला सोपं होतं.

शिमग्याला सुमनवैनी वाडीत जाऊन आल्या आणि त्यांनी खरं काय ते सांगितलं. आई त्यांच्यापाशी रडली होती. "माझ्या दारातून धडधाकट गेली नि पोट फाडून आली. माझा पायगुणच वाईट. मी नाय जाणार तिच्या बाळंतपणात." रीत पुढे करून बाई इतके दिवस घाबरून बसली होती. मला तिचा राग यायचा तो गेला आणि भलतंच भरून आलं.

वैनींनी डोळे पुसायलाही वेळ दिला नाही. म्हणाल्या, आपण सावड लावू. लावणीला जसं आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या शेतात सगळ्या, तसं. पाचजणींनी नववा महिना वाटून घेतला. जिची पाळी तिने रिक्षा करून माझ्याकडे यायचं, महेश येईपर्यंत थांबायचं. डबे, शिवणकाम, शाळेची पोरं सांभाळून बाया येऊ लागल्या. ज्या घरात मी दिवसभर टीव्हीशी बोलायचे तिथे चहाला कप पुरेनात.

हे वाडीत कळायला कितीसा वेळ? आईचा फोन आला. सावडीला कोण कोण येतात, तिने नावं विचारली. मी सांगितली. आपल्याकडे सावडीला घरातलं माणूस न जाणं म्हणजे केवढी नामुष्की, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी ती माझ्या भावाबरोबर दारात उभी, हातात तांदळाची पिशवी. "बाळंतपणाला नाय आले," ती म्हणाली. "सावडीला आले."

कळा आल्या त्या दिवशी पाळी वैनींची होती. पण त्यांनी आरुषला मांडीवर घेतलं आणि आईला म्हणाल्या, आज तू जा. आई काही म्हणायच्या आत तिला रिक्षात बसवलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिला आत राहू दिलं. मशीनचा टकटक आवाज कसला, तिने नर्सला विचारलं. बाळाचे ठोके, हे कळल्यावर ती स्टूल ओढून मशीनपाशीच बसली. पुढे एकदा तो आवाज संथ झाला. डॉक्टरबाई धावत आल्या, मला कुशीवर वळवलं, थिएटरला निरोप गेला. मी डोळे मिटून घेतले. आता पुन्हा तेच दार, एवढंच मनात. तेवढ्यात आईचा हात माझ्या कपाळावर आला.

"चाललंय गो," ती म्हणाली. "परत नीट चाललंय. मी ऐकते. तू तुझं काम कर."

मी माझं काम केलं. मुलगी झाली. तिला पहिल्यांदा मी नाही, आईने पाहिलं, आणि मग कितीतरी वर्षांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. आम्ही दोघीही रडलो, लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सव्वा महिना झाल्यावर आई निघाली. आणखी राहा म्हणून मी मागे लागले. बाळाचं सगळं तुझ्याशिवाय कसं होणार, इथपासून रडण्यापर्यंत सगळे उपाय करून पाहिले. तिने पिशवी खांद्याला लावली. "सावडवाली काम झाल्यावर राहत नाय," ती म्हणाली. "आता तू ये फेडायला. लावणी लागली की कळवते."

मी म्हटलं, तान्ही पोर घेऊन मी चिखलात उतरू?

"बांधावर बस तिला घेऊन. आमच्यात तेवढंसुद्धा पाळीत धरतात."

इतकी वर्षं मी गावी पाहुणी म्हणून जात होते, सुट्टी काढून, खाऊ घेऊन. आता तिकडे माझी पाळी लागलीय.