माझ्याच बडतर्फीची फाईल

"भालेरावजी, कल से मत आइए," चड्ढासाहेब म्हणाले आणि मी सवयीने ते डायरीत लिहून घेतलं. तारीख घातली, वेळ घातली. मग पेन थांबलं. भालेराव म्हणजे मीच.

नोकरीला जेमतेम पाच महिने झाले होते. त्याआधी अठरा वर्षं मी दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या आस्थापना शाखेत होतो. आस्थापना म्हणजे रजा, बदल्या आणि चौकश्या यांच्या फायली जिथे राहायला येतात ती जागा. मग उदारीकरण आलं, गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि चाळिशीत माझ्या अंगात आलं. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडलं, दोन टाय घेतले आणि चड्ढासाहेबांच्या नळ बनवणाऱ्या कंपनीत पर्सोनेल मॅनेजर झालो. पर्सोनेल मॅनेजर म्हणजे माणसं भरायची, माणसं काढायची आणि मधल्या काळात त्यांना नियमात ठेवायचं. डिपार्टमेंटमध्ये मी एकटा.

कंपनीचा कारखाना फरीदाबादला, ऑफिस गुडगावात. नव्या वस्तीतल्या फ्लॅटना परदेशी धर्तीचे नळ पुरवायचे, असा धंदा. मलाही तिसऱ्या मजल्यावर कंपनीचा फ्लॅट मिळाला होता. त्यात सात प्रकारचे चकचकीत नळ होते. पाणी टँकरने यायचं आणि आम्ही ते बादलीतून वर न्यायचो.

आता माझा गुन्हा सांगतो. मी कंपनीसाठी नियमांचं पुस्तक लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे मंत्रालयातलं जे जे आठवलं ते सगळं उतरवलं. त्यात एक नियम असा की पाहुण्याला ज्याला भेटायचंय त्याची सही असल्याशिवाय गेटच्या आत सोडायचं नाही. त्या सोमवारी जर्मनीहून आमचे भागीदार येणार होते. चड्ढासाहेब त्यांना आणायला विमानतळावर गेले. दोघांची चुकामूक झाली. भागीदार टॅक्सी करून थेट ऑफिसच्या गेटवर हजर. भेटायचं कुणाला? चड्ढासाहेबांना. चड्ढासाहेब कुठे? विमानतळावर. सही नाही, प्रवेश नाही. गेटच्या बाजूला बांधकाम चालू होतं. दीड तासाने चड्ढासाहेब परतले तेव्हा पाहुण्यांचा निळा सूट सिमेंटच्या रंगाचा झाला होता. चेहराही.

म्हणून "कल से मत आइए."

मी नम्रपणे म्हटलं की सर, असं तोंडी चालणार नाही, लेखी पत्र लागेल.

"तो लिखिए ना. पर्सोनेल मैनेजर आप हैं."

लिहिलं. स्वतःच्या बडतर्फीचं पत्र मी स्वतः डिक्टेट केलं, आमच्या टेलिफोन ऑपरेटर पम्मीजींनी ते टाइप केलं. पम्मीजी पन्नाशीच्या, ऑफिसातलं टायपिंगही त्यांच्याच गळ्यात. 'यांची सेवा असमाधानकारक आहे' या वाक्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या की 'असमाधानकारक' जरा जास्त होतंय, 'मध्यम' लिहू का? मी म्हटलं, राहू द्या, नियमात तोच शब्द आहे.

नोकरीपेक्षा मोठा प्रश्न घराचा होता. आमची मुलगी मुक्ता दहावीला होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर, शेवटचा पेपर एकवीस मार्चला. मी चड्ढासाहेबांना विचारलं की फ्लॅट तेवढा एकवीसपर्यंत राहू द्याल का? ते म्हणाले की नव्या मार्केटिंग मॅनेजरचं सामान लुधियानाहून निघालंसुद्धा.

घरी आलो तेव्हा बायको, सुमन, जिन्यात दोन बादल्या घेऊन उभी होती. मी एक बादली उचलली आणि बातमी सांगून टाकली. दुसऱ्या मजल्यावर तिने आपली बादली खाली ठेवली.

"मुक्ताला कळता कामा नये," ती मग म्हणाली. "आणि एकवीस तारखेपर्यंत या घरातली खुर्चीसुद्धा हलता कामा नये. अठरा वर्षं सरकारात काय केलंत, ते दाखवा आता."

अठरा वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो होतो. फाईल घाईत असेल तर तिला नियम दाखवायचे.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. त्या काळात प्रत्येक कंपनीला परदेशी पद्धतीचं क्वालिटी सर्टिफिकेट हवं असायचं. ते मिळालं की लेटरहेडवर छापायचं आणि माल बाहेर पाठवायचा. त्यासाठी बाहेरचा ऑडिटर येऊन तपासणी करतो. त्याला नळ चांगला की वाईट याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो एवढंच पाहतो की पुस्तकात जे लिहिलंय तेच तुम्ही करता का. आमचा ऑडिटर अठरा मार्चला यायचा होता. आणि पुस्तक माझं होतं.

त्या पुस्तकाप्रमाणे नोकरी सोडणाऱ्याने 'नो ड्यूज' फॉर्म भरायचा. म्हणजे प्रत्येक विभागाकडून सही आणायची की या माणसाकडे आमचं काही राहिलेलं नाही. शेवटची सही झाली की माणूस मोकळा, आणि फ्लॅटही त्याच दिवशी मोकळा. फॉर्मवर नऊ रकाने होते. मी नेकीने फिरलो. फरीदाबादचे स्टोअरकीपर तर माझ्याहून काटेकोर निघाले. फॉर्मवर 'रजई' असा एक रकाना होता, कारण मंत्रालयात नाइट ड्यूटीला रजई मिळायची. त्यांनी सगळं गोदाम धुंडाळलं आणि लिहिलं, 'रजई: दिली नाही, घेतली नाही.' आठवड्यात आठ सह्या झाल्या.

नववा रकाना होता 'लायब्ररी'.

आमच्या कंपनीत लायब्ररी नव्हती. देवाशपथ सांगतो, तो रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता. मंत्रालयाचा फॉर्म उतरवताना आपसूक आला.

पाच मार्चला मी फॉर्म चड्ढासाहेबांपुढे ठेवला. त्यांनी रकाना खोडायला पेन उघडलं. मी सांगितलं की सर, फॉर्म बदलायचा तर बदलाची नोटीस तीस दिवस बोर्डावर लावावी लागते, पान सत्तेचाळीस. आणि खाडाखोड केलेला फॉर्म अठरा तारखेला ऑडिटरच्या हातात पडला तर?

त्यांनी पेन बंद केलं. खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तो बना दो लाइब्रेरी। कल तक।"

मी बनवली. एक स्टीलचं कपाट आलं. पम्मीजींची लायब्रेरियन म्हणून नेमणूक झाली, ऑर्डर मीच काढली. रजिस्टर आलं, शिक्का आला. नियम लिहिले. पुस्तक पंधरा दिवस ठेवता येईल, एका वेळी एक. आता कपाटात काहीतरी हवं. चड्ढासाहेब म्हणाले की एकच पुस्तक आणा, कुठलंही. खरेदीचा प्रस्ताव माझ्याकडेच आला. मी फार विचार केला नाही. दहावीचं गणिताचं गाइड मागवलं.

सहा तारखेला सकाळी पम्मीजी सही करायला बसल्या. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि मी नाटकात उभा असल्यासारखा एक पाऊल पुढे टाकून म्हणालो की एक मिनिट. मी अजून कर्मचारी आहे. मला पुस्तक इश्यू करून हवंय.

पम्मीजींनी गाइडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घर में दसवीं में कौन है?"

"बेटी।"

"आख़िरी पेपर कब है?"

"इक्कीस को।"

त्यांनी बोटांवर पंधरा दिवस मोजले. सहा आणि पंधरा, एकवीस. रजिस्टरमध्ये तारीख लिहिली आणि शिक्का असा हाणला की कपाट हललं.

चड्ढासाहेबांचा आवाज त्या दिवशी जिन्यापर्यंत ऐकू गेला. पुस्तक आत्ताच्या आत्ता परत घ्या, म्हणत होते. पम्मीजींनी शांतपणे रजिस्टर उघडून दाखवलं. सर, इथे एकवीस लिहिलंय, आणि ऑडिटर पहिल्यांदा रजिस्टरच बघतो.

बारा दिवस मी बडतर्फ होऊन रोज वेळेवर ऑफिसला गेलो. मुक्ता घरी गाइड सोडवत होती. एकदा तिने विचारलं, "बाबा, यावर तुमच्या कंपनीचा शिक्का कसा?" मी म्हटलं, आमच्या कंपनीला शिक्षणाची आवड आहे. सुमन स्वयंपाकघरात खोकली.

अठराला ऑडिटर आला. बारीक, चष्मेवाला, चहासुद्धा न घेणारा. त्याने विचारलं की एखाद्या कर्मचाऱ्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची फाईल दाखवा. अशी फाईल कंपनीत एकच होती. माझी. त्याने पान पान वाचलं. रजईच्या नोंदीवर बरोबरची खूण केली. मग म्हणाला, लायब्ररी दाखवा.

कपाट उघडलं. आत काही नव्हतं.

"एक ही किताब है?"

"जी," पम्मीजी म्हणाल्या.

"और वो भी बाहर है?"

"जी। इन्होंने ली है। परसों के अगले दिन लौटाएँगे।"

चड्ढासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. ऑडिटरने रजिस्टर पाहिलं, शिक्का पाहिला, तारखा जुळवल्या. आणि मान हलवून म्हणाला की गेल्या कित्येक महिन्यांत इतकी नियमाबरहुकूम बडतर्फी त्याच्या पाहण्यात नाही. सर्टिफिकेट मिळालं.

एकवीसला दुपारी मुक्ता पेपर देऊन बसने थेट आमच्या ऑफिसात आली. सकाळी जाताना तिला सांगितलं होतं की पुस्तक आजच परत करायचंय. गेटवर माझी सही होती, म्हणून आत सोडलं. पम्मीजींनी गाइड पानापानाने तपासलं. एकशे बाराव्या पानावर वरणाचा डाग निघाला. रजिस्टरमध्ये नोंद झाली, 'एक डाग, पिवळा.' मग सही.

"पेपर कैसा हुआ, बेटा?" त्यांनी विचारलं.

"अच्छा हुआ, आंटी। पर मैथ्स तो दस दिन पहले ही हो गया था।"

चड्ढासाहेब दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डायरीकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटांनी मी रीतसर बेकार झालो. मुक्ताला खरं काय ते बसमध्ये सांगितलं. ती घर येईपर्यंत हसत होती. संध्याकाळी आम्ही सामान बांधलं आणि दोन महिने सुमनच्या मावसभावाकडे सरोजिनी नगरला राहिलो. तिथे नळ एकच होता. पाणी यायचं.

तिसऱ्या महिन्यात चड्ढासाहेबांचा फोन आला. वाटलं, रजई सापडली. पण त्यांच्या मेव्हण्याला स्वतःच्या कारखान्यासाठी सर्टिफिकेट हवं होतं. "नौकरी नहीं," ते घाईने म्हणाले, "बस किताब लिख दीजिए।"

तेव्हापासून हाच माझा धंदा. आता पन्नाशी उलटली, कंपन्यांची नियमपुस्तकं लिहितो. शिकवण म्हणाल तर एवढीच, की नियम लिहिणाऱ्याने ते आपल्याला लागू होणार असं धरूनच लिहावेत. माझ्या प्रत्येक 'नो ड्यूज' फॉर्मवर लायब्ररीचा रकाना असतो. परवा नोएडातल्या एका मालकाने विचारलं की आमच्याकडे लायब्ररी नाही, मग हा कशाला?

मी म्हटलं, असू द्या. कुणाची तरी मुलगी दहावीला असेल.