सेकंडहँड ऊन

माझ्या मावशीच्या फोटोत कडेला उभं राहायचं नाही, हा आमच्या घराण्याचा अलिखित नियम. तिच्या कॅमेऱ्यावर कायम वाइड लेन्स चढवलेली असते. त्या लेन्समध्ये मधली माणसं शहाण्यासारखी दिसतात आणि कडेची दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखी पसरतात. एका ग्रुप फोटोपायी मोठ्या मामाचं नाव जे ‘परात’ पडलं, ते आजतागायत.

“माझी लेन्स माणसांसाठी नाहीच मुळी,” मावशी म्हणते. “भिंतींसाठी आहे. भिंती तक्रार करत नाहीत.”

इमारतींचे फोटो काढणं हा तिचा धंदा. अरुंद रस्त्यात मागे सरायला जागा नसते, पाठ समोरच्या दुकानाच्या शटरला टेकते, तरी अख्खी इमारत पायरीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत चौकटीत बसवायची, म्हणून ही लेन्स. पण तिचा खरा जीव उन्हात. तेही सरळ उन्हात नाही. काचेच्या इमारतीवर आपटून समोरच्या भिंतीवर पडतं, त्या उन्हात. “सरळ ऊन सगळ्यांनाच मिळतं गं. हे सेकंडहँड. वापरून मऊ झालेलं.” ज्या बोळात सूर्य कधी फिरकलेला नसतो तिथे ते अचानक उतरतं, आणि कळकट भिंतीवर पाणी हलावं तसं हलत राहतं.

मी नाटकात काम करते; प्रयोग नसतील तेव्हा तिच्या कॅमेऱ्याचा स्टँड उचलायला जाते. तिने मला पहिली गोष्ट शिकवली ती ही : “आधी खाली बघ.” कारण अशा जागी माणसाला दोन सावल्या असतात, एक सूर्याची आणि एक काचेची. वाइड लेन्स इतकं काही गिळते की त्यातली एक हमखास फोटोत घुसते. “एकीला आवरलं की दुसरी डोकावते. सवतींसारखं आहे त्यांचं.”

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, दुकानांचे बोर्ड रंगवायचे. मावशी त्यांना ‘पेंटर’ म्हणते आणि ते तिला ‘बाई’. पक्षाघाताचा झटका आला आणि काकांची डावी बाजू गेली, बोलणंही गेलं. मागच्या खोलीत, भिंतीला लागून असलेल्या पलंगावर ते दिवसभर पडून असायचे. खिडकी बोळाकडे, भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागायची. मग बोळापलीकडे काचेची इमारत उभी राहिली, आणि एका दुपारी कपाटाशेजारी उन्हाचा एक चौकोन पडला. भिंतीवरून सरकत तो पलंगापर्यंत आला. रोज येऊ लागला. हळूहळू काका बोलायला लागले. आधी नुसते आवाज, मग शब्द, मग चक्क टोमणे.

“माझ्या नवऱ्याला काचेने बोलतं केलं,” मावशी सगळ्यांना सांगायची.

नेमकं त्याच इमारतीचं काम तिच्याकडे आलं.

“काय झालंय मॅडम,” तिथला मॅनेजर म्हणाला, “काचांचा झोत गाडीवाल्यांच्या डोळ्यांत जातो. रोज भांडणं. कुठल्या काचेचं ऊन कुठे पडतं त्याचे चारी बाजूंनी फोटो द्या. तेवढ्या काचांवर चमक मारणारी मॅट फिल्म चिकटवून टाकतो. विषय संपला.”

मावशीने समोरची बाजू काढली, कडेच्या दोन्ही काढल्या आणि स्टँड मिटला.

“आणि मागची?” मी विचारलं.

“मागे कुठे काय पडतंय?”

“मावशी, तोंडावर खोटं बोलणार तू त्याच्या?”

“तोंडावर कशाला? फोटोत बोलते की.”

घरी आलो तर काका वाटच बघत होते. कामाबद्दल त्यांना माहीत होतं.

“मागची बाजू काढलीस का, बाई?”

“नाही काढली. तुमचं ऊन मी कुणाला हात लावू देणार नाही.”

“काढ,” काका म्हणाले. “बंद कर ते.”

मावशी हसली. “का हो पेंटर, डोळ्यांवर येतं? पडदा लावू?”

“पडद्यावरही येतो.”

“कोण?”

काकांनी उजव्या हाताने भिंतीकडे बोट दाखवलं. ऊन येत होतं. कपाटाशेजारी चौकोन उजळला. त्यात खिडकीच्या गजांच्या रेघा होत्या. आणि रेघांच्या मध्ये एक माणूस होता. खांदे, मान, जरासं कलतं डोकं.

मला वाटलं, मीच. मी हात वर केला. त्याने केला नाही.

“काचा पुसणारा असेल,” मावशी म्हणाली आणि खिडकीशी गेली. तीही उन्हात उभी राहिली, तशी त्याच्या शेजारी तिची सावली पडली. समोर काच कोरी होती. दोर नाही, झोपाळा नाही. मध्ये चार मजले खोल नुसती हवा. ती बाजूला झाली. तिची सावली गेली. तो होता तिथेच होता.

“आधी कपाटाशी असायचा,” काका म्हणाले. “बरं वाटायचं. सोबत. मी त्याच्याशीच बोलायला शिकलो, बाई. तुला वाटलं उन्हाने. आता पुढे येतो. ऊन सरकतं तेवढाच नाही. जास्त.”

मावशीने काय करावं? तिला जे येतं तेच केलं. कोपऱ्यात स्टँड लावला. भिंत, खिडकी, बाहेरची काच, पलंग, सगळं एका फोटोत घेतलं आणि कॅमेरा काकांच्या डोळ्यांपुढे धरला.

“हे बघा. केवढा लांब आहे! तो तिकडे, तुम्ही इकडे. मध्ये मैदान आहे मैदान.”

काका बघत राहिले. मग ओठांच्या चालत्या कोपऱ्याने हसले.

“बाई, तुझी लेन्स सगळ्यालाच लांब ढकलते. लोकांच्या खुराड्यांचे हॉल करून दिलेस तू हिच्यावर. मला नको गिऱ्हाईक समजू.”

मावशीने कॅमेरा खाली घेतला. नुसत्या डोळ्यांनी नीट बघितलं. मीही बघितलं. भिंतीवर त्याचा हात लांबला होता आणि बोटं काकांच्या उशीच्या कडेवर वाकून उतरली होती. काकांनी मान शक्य तेवढी अलीकडे ओढून घेतली होती. किती दिवस ते असे मान आखडून झोपत होते कोण जाणे.

ऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी मावशीने मागची बाजू काढली, एकही काच न सोडता. फिल्म लागली. मागच्या खोलीत पुन्हा दुपारची ट्यूबलाइट आली. काका गाढ झोपू लागले, मान सैल सोडून. बोलणं मात्र आटत गेलं. शब्द गेले, उरले ते आवाज. मावशी त्यांना भरवताना दोघांचं बोलून घेते. “पेंटर म्हणतात, मीठ कमी आहे. बाई म्हणते, गपचूप गिळा.”

परवा एका बँकेच्या इमारतीचं काम होतं. समोर काचेचा मनोरा, रस्ताभर ते मऊ ऊन. मी स्टँड धरून उभी होते. सवयीने आधी खाली बघितलं. माझ्या दोन, मावशीच्या दोन. मावशीच्या पलीकडे आणखी एक. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

“मावशी...”

“दिसला ना? मला माहितीये.” तिने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. “फिल्म लागली त्या दिवसापासून.”

“घरी येतो?”

“घरी कसा येईल? तिथे ऊन कुठे राहिलंय? आणि माझ्यामागे आहे तोवर बाकी कुणाच्या मागे नाही.” खटका वाजला. “पेंटरला बोलू नकोस हं. झोप लागते हल्ली त्यांना.”

“मावशी, किती जवळ आलाय गं?”

ती लेन्समधून बघतच राहिली. मग अगदी धंद्याच्या आवाजात म्हणाली, “यातून तरी लांब दिसतो.”

मी लेन्सशिवाय बघत होते. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता.