मनोहररावांच्या यंत्राचं झाकण

प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत मनोहररावांच्या संगणकाला झाकण नव्हतं. म्हणजे होतं, पण गच्चीवर. त्यात त्यांच्या पत्नी शोभाताई मुगाचे सांडगे वाळत घालत. यंत्र मात्र बैठकीत, आतल्या तारा दाखवत बसलेलं. पंचाहत्तर साली मनोहरराव शिकायला कॅलिफोर्नियात गेले आणि दोन वर्षांनी ही स्वतः जोडलेली पेटी आणि खांद्यापर्यंतचे केस घेऊन परतले.

"माह्या बाबाले वाटलं, नाटकातला नटच आला मले पाहाले!" शोभाताई अजून सांगतात.

तिथे ते ज्या घरात राहत, तिथल्या मुलांनी आधी युद्धाविरुद्ध मोर्चे काढलेले; ती अनवाणी फिरत, परसात भाजी लावत. असल्या मुलांना यंत्राचं वेड कसं लागलं, हे मला कळेना. शेवटी विचारलंच.

"वहिनी, त्यायचा राग कुलपावर होता," मनोहरराव म्हणाले. "तेव्हा संगणक म्हणजे खोलीभर, सरकारचा नाही तं कंपनीचा. आपण भोकं पाडलेले कार्डं देऊन यायचं, उत्तराले दुसऱ्या दिवशी जायचं. हे पोरं म्हणत, टेबलावर मावेल असा बनवू, जोडणीच्या आकृत्या फुकट वाटू. भाजीसारख्याच वाटत!"

यंदा त्यांनी घर विकलं. हुडकेश्वरचा फ्लॅट लहान.

"कुठी ठेवता तो डबा? माह्या डोक्शावर?" शोभाताईंनी विचारलं. एक तर कोणी तरी न्यावा, नाही तर भंगारात. मनोहररावांचं जेवण कमी झालं.

मग एका कॉलेजातून प्रीती आली. तिथे जुन्या वस्तूंचं दालन होणार होतं. "सर, काचेच्या कपाटात ठेवू. झाकण लावू. 'हात लावू नये' अशी पाटीही करू."

"मंग नाही देत."

"सर, भंगारात जाईल ना!"

"जाऊ दे. सुरू करून दाखव, मंग ने."

"मी इतिहास शिकवते, सर."

"तं इतिहासाले हात लाव," म्हणत त्यांनी तिच्या हाती पेचकस दिला.

ती दर रविवारी येऊ लागली. मीही जाऊन बसे. फुगलेले सुटे भाग काढणं, नवे डाख देऊन जोडणं, चुकलं की पुन्हा उघडणं. मनोहरराव खुर्चीतून नुसतं सांगत. स्वतः बोट लावत नसत. एका रविवारी समोरच्या लाल दिव्यांची ओळ लागली. प्रीती टाळ्या वाजवून हसली आणि म्हणाली, "काकू, ही कळ दाबा." मी दाबली. एक दिवा विझला, शेजारचा लागला. का, ते तिनं मला समजावलं. अर्धं कळलं, उरलेल्या अर्ध्यासाठी मी पुन्हा दाबली.

"सर, काच नको," ती म्हणाली. "टेबलावर ठेवू, शेजारी पेचकस. पण कोणी बिघडवलं तर?"

"तं उघडजो. शिकली ना तू आता."

टेम्पो आला तेव्हा मनोहररावांनी पेटी स्वतः उचलून दिली. रस्त्यात धूळ बसेल म्हणून प्रीतीनं झाकण मागितलं.

"ते नाही मिळत वं," शोभाताई गच्चीवरून ओरडल्या. "सांडगे ओले आहेत!"