मामांना शून्य मतं

बाळकुमच्या जरा पुढे पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. तिथे टपाल वाटणारे मामा गेल्या महिन्यात तीन दिवस एका जागी बसले नाहीत. मला कसं कळलं? मी तिथूनच रिटायर झालेलो. रिटायर माणसाकडे फंड उशिरा पोचतो, बातमी लगेच.

मामा म्हणजे त्या ऑफिसातलं कल्याण जंक्शन. कुठलीही भानगड त्यांच्यावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. समीक्षाचं बाळ लहान, तिला घराजवळ, डोंबिवलीच्या कारखान्यात बदली हवी होती. तीनदा अर्ज दिला, तीनदा तो हरवला. शेवटी ती मामांकडे आली. मामा कधी ‘करतो’ म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “कानावर घालतो.” त्यांनी साहेबांच्या ड्रायव्हरला, राकेशला गाठलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये साहेब रोज तासभर राकेशच्या ताब्यात असतात. राकेश आरशात बघून नुसतं म्हणाला, “सर, ती समीक्षा मॅडम राजीनामा देणार म्हणतात.” आठवड्यात बदली! राजीनाम्याचं समीक्षानेही नंतरच ऐकलं.

तर अशा या ऑफिसात एका बाहेरगावच्या सल्लागार कंपनीने सगळ्यांच्या मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. “कामात अडलं तर तुम्ही कोणाकडे जाता? नावं लिहा.” ज्यांना कोणीच विचारत नाही, त्यांना भिवंडीच्या गोदामात पाठवायचं ठरलं होतं. गोदामात तीन माणसं, एक मांजर आणि अखंड धूळ. मामांसारख्या, रिटायरमेंटला तीन वर्षं उरलेल्या माणसाने तिथे जाऊन कोणाच्या कानावर काय घालायचं? मांजराच्या?

मंगळवारी एचआरच्या अमृता मॅडमनी मामांना बोलावलं. पोरगी हुशार, पुण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेली.

“मामा, एक काम करा ना. हा कुंडलिक चांगदेव गायकर कोण हो? एकानेही नाव लिहिलेलं नाही बिचाऱ्याचं. शुक्रवारी त्याला भिवंडीचं पत्र द्यायचंय. कुठे बसतो तेवढं शोधा. तुम्हाला सगळे माहीत असतात.”

मामांच्या हातातला टपालाचा गठ्ठा जरा खाली आला.

“बघतो,” ते म्हणाले. “कानावर घालतो त्याच्या.”

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. बावीस वर्षं ज्याला सगळे मामा म्हणत होते, तोच हा कुंडलिक.

तिथून मामांच्या पायाला जी भिंगरी लागली! टपाल वाटून झालं तरी दुसऱ्या मजल्यावर, तिथून गेटवर, गेटवरून परत. चहा घ्यायचा आणि अर्धाच ठेवायचा. जाता जाता राकेशला सहज विचारलं, “राक्या, कुंडलिक गायकर माहीत आहे का रे?”

“कोण, क्रेडिट कार्डवाला? मामा, माझा नंबर देऊ नका हां!”

कँटीनच्या हेमाताईंना विचारलं. त्या पोळी उलटत म्हणाल्या, “नवीन आलाय का? जेवणार असेल तर आधी सांगा.”

या हेमाताईंच्या मुलीला ठाण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तो मामांनीच कुणाच्या तरी कानावर घातलं म्हणून. बोला आता!

कोपरीच्या घरीही तेच. खिडकी, दार, परत खिडकी. मालनवहिनी शेवटी वैतागल्या. “अहो, बसा की! जगाच्या बदल्या करता, स्वतःची एक थांबवता येत नाही?”

“कोणाच्या कानावर घालू?”

“त्या मॅडमच्या. मीच तो, म्हणा.”

“बावीस वर्षांनी मी माझं नाव सांगत फिरू?” मामा म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे गेले.

बुधवार गेला. गुरुवारी दोनदा ते एचआरच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा बोर्डावरच्या टाचण्या नीट करून परत आले. त्या बोर्डावर त्यांनी स्वतः लावलेली नोटीस होती: ‘कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन बाबी नातेवाइकांशी बोलू नयेत.’ असली नोटीस का निघाली, हे एकालाही कळलं नव्हतं. मामांनाही नाही, म्हणजे बघा.

शुक्रवारी पत्र टपालात आलंच. लिफाफ्यावर स्वच्छ अक्षरात कुंडलिक चांगदेव गायकर. मामा तडक अमृताच्या टेबलाशी गेले, टपालवही उघडली आणि ‘पत्र मिळालं’च्या रकान्यात सही ठोकली.

“मामा, तुम्ही कशाला सही करता? ज्याचं त्याला द्या ना.”

“ज्याचं त्यालाच दिलं, मॅडम.”

अमृताने वही वळवून घेतली. सही वाचली. वर बघितलं.

“तुम्ही? मग तीन दिवस बोलला का नाहीत?”

“तुम्ही शोधायला सांगितलेलं. आज सापडला.”

पोरीने कपाळावर हात मारला आणि सल्लागारांचा अहवाल काढला. एकशेचाळीस जणांपैकी एकसष्ट जणांनी फॉर्मवर एकच शब्द लिहिला होता: मामा. सल्लागारांच्या यादीत त्या नावाचा माणूस नव्हता, म्हणून ती सगळी मतं त्यांनी ‘नातेवाईक’ या सदरात टाकली. वर शेरा मारला की इथले कर्मचारी ऑफिसच्या अडचणी घरी आईच्या भावाला सांगतात, गुपितं फुटण्याचा धोका आहे. म्हणून ती नोटीस! आणि त्या एकसष्टांत एक मत अमृताचं स्वतःचं होतं.

पत्र तिने तिथेच फाडलं. एकसष्ट मतं कुंडलिक गायकरांच्या नावावर चढली आणि यादी नव्याने लागली. आता सगळ्यात खाली कोण आलं असेल? दस्तुरखुद्द साहेब. दोन मतं. त्यातलं एक राकेशचं, तेही गाडीत, साहेब मागे बसलेले असताना भरलेलं.

सोमवारपासून ती भिंगरी मामांच्या पायातून निघाली आणि साहेबांच्या पायाला लागली. केबिनमधून बाहेर, बाहेरून आत. दुपारी न राहवून त्यांनी दारातूनच हाक मारली, “गायकर!”

मामा लिफाफे लावत होते. मान वर नाही.

“अहो गायकर! भिवंडीचं तुम्हाला वरून काही कळलं का?”

मामांनी शेजारच्या टेबलावरच्या पोराला कोपराने ढोसलं. “अरे, बघ ना. साहेब कोणाला तरी बोलावतायत.”