थोडंच तर कमी हाय!

आमच्या ऑफिसातले किस्से म्हंजे गोदामातली पोत्यांची थप्पी. एक ओढायला जावं, तर वरची सगळी अंगावर! नवीन जालन्यात आमची बियाण्याची कंपनी, मी तिथं क्वालिटीत. चहा आला की कुणीतरी साळवे सरांचा किस्सा काढतंच. आधी आम्ही पोट धरून हसायचो. आता बी हसतो, पण मंग जो तो आपला कप उचलून जागेवर जातो.

*

साळवे सर आमचे फील्ड इन्स्पेक्टर. बियाण्याच्या कपाशीभोवती ठरलेलं अंतर मोकळं पाहिजे, शेजारची दुसरी कपाशी जवळ नको. न्हाईतर मधमाश्या तिकडचे परागकण इकडं आणतात, अन् बियाण्यात भेसळ! सर टेप लावायचे. कमी भरलं की प्लॉट रिजेक्ट. बिलकुल ऐकायचे न्हाईत.

वडीगोद्रीचे शेतकरी भगवानराव आमच्यासाठी बियाण्याची कपाशी लावायचे, अन् दर साली अडकायचे. ऑफिसात येऊन हात जोडायचे, "पास करा ओ साहेब! थोडंच तर कमी हाय! अजून ओळी उपटल्या तर मागं विहीरच हाय, प्लॉट उरंल का?"

"विहीर तुमची अडचण हाय भगवानराव, बियाण्याची न्हाई!"

ते गेल्यावर मी म्हणलं, "सर, एवढ्याश्यानं काय होतंय?"

"भेसळ आज दिसत न्हाई, पूजा. पुढच्या साली दुसऱ्याच्याच वावरात उगवून येती."

*

मंग सर वाळत चालले. मी येडी, विचारलं, "सर, जिम लावली का?"

जीप अंबड रोडला लागली की दर हॉटेलापाशी थांबवायचे, संडासला. रक्त पडायचं तरी म्हणायचे, "मूळव्याध हाय गं, मिरची जास्त झाली." शेवटी आमच्या ड्रायव्हरनं, इम्रानभाईनं, रस्त्यातच गाडी बंद केली. "साब, दुनियाभर का इन्स्पेक्शन करते, एक बार खुद का भी करा लो!"

सर लई हसले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

*

आतड्याचं ऑपरेशन झालं, केमो झाली, सर ड्युटीवर बी आल्ते. मंग स्कॅनमध्ये लिव्हरवर गाठ दिसली. आतड्यातूनच पसरलेली. दुसऱ्याच वावरात उगवून आली ना!

संभाजीनगरच्या सर्जनकडं सर, त्यांच्या मिसेस अन् मी गेल्तो. मिसेस शाळेत शिकवतात, आम्ही त्यांना मॅडमच म्हणतो. सर्जननं कागदावर लिव्हर काढलं, गाठीला एक गोल केला, त्याच्या भोवती अजून एक मोठा गोल. "नुसती गाठ काढून भागत नाही. भोवतीच्या चांगल्या लिव्हरची कडसुद्धा सोबत काढायची. त्या कडेत कॅन्सर नको. आम्ही त्याला मार्जिन म्हणतो."

सर एकदम ताठ बसले! "टेप कोण लावतं?"

सर्जन हसले. "काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जातो. तिथले डॉक्टर कापलेल्या बाजूला शाई लावतात, आणि गाठ शाईपासून किती लांब आहे ते मायक्रोस्कोपखाली मोजतात."

"म्हंजे कापणारा येगळा अन् पास करणारा येगळा. बराबर हाय!"

जसं काय स्वतःच इन्स्पेक्शनला आल्ते!

*

ऑपरेशननंतर आमचे मॅनेजर भेटायला आले. नारळपाणी घेऊन, लई जोशात. "साळवे, टेन्शन न्हाई घ्यायचं! लिव्हर कापलं तरी परत वाढतं म्हणे!"

सर छताकडं बघत होते. "तण बी वाढतंय, साहेब."

मॅनेजर नारळपाणी ठेवून जे निघाले, ते लिफ्टसाठी बी थांबले न्हाईत!

*

रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडम कॉरिडॉरमध्ये फाइल उघडून उभ्या होत्या. मार्जिन एक मिलीमीटरच्या आत.

सर्जननं नीट समजावून सांगितलं. गाठ उरलेल्या लिव्हरच्या मोठ्या नसेला चिकटून होती. नस कापली असती तर मागचं लिव्हरच वाचलं नसतं. मंग नसेवरून गाठ हळूच सोलून काढली. "शाईपर्यंत पोचलेली नाही, पण अंतर कमी आहे. तीन महिन्यांनी स्कॅन करू, तेव्हा कळेल."

सर्जन गेले. मॅडम मला म्हणाल्या, "पूजा, मिलीमीटर म्हणजे पट्टीवरची सगळ्यात लहान रेघ ना?"

"हो मॅडम."

"त्याच्या आत काय असतं गं?"

पोरांना पट्टी शिकवणारी बाई मला विचारून राह्यली! मी पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

*

स्कॅनच्या आदल्या दिवशी मी सरांच्या घरी होते, अन् दारात कोण? भगवानराव! ऑफिसातून त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता जुनं सगळं काढतात. ते आले, गुपचूप पलंगाच्या कडेला टेकले. सर इतके बारीक झाल्ते की भगवानराव आधी उशीकडंच बघत राह्यले.

"डॉक्टरनं कड किती सोडली, साहेब?"

सरांनी दोन बोटं चिमटीसारखी धरली. मधी उजेड बी दिसत नव्हता.

"येवढीच?"

"मागं नस व्हती. अजून कापलं असतं तर लिव्हर उरलं नसतं."

मला वाटलं आता म्हणतात, नस तुमची अडचण हाय! सरांनाबी तसंच वाटलं असंल, त्यांनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनं चहा आणला. भगवानरावांनी बशीत ओतून पिला, कप खाली ठेवला अन् उठले. दारापाशी टेबलावर सकाळी न्यायची फाइल ठेवल्ती, रिपोर्ट अन् सगळे कागद. त्यांनी विचारलं, "हेच का ते?" मॅडमनं मान हलवली.

भगवानरावांनी टोपी काढली. फाइलीपुढं हात जोडले, अन् आमच्या ऑफिसात म्हणायचे ना, अगदी त्याच आवाजात म्हणाले, "पास करा ओ साहेब! थोडंच तर कमी हाय!"