बैलांनी ओढलेली अमेरिकन गाडी

वाशीच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती लाल अमेरिकन गाडी सुरू झाली आणि पेट्रोलचा वास आला. "तळवलीत एका अंगणात सडत होती," तिचा आताचा मालक सांगत होता. "कोंबड्या राहायच्या आत."

अंगण आमचंच. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून बाबांनी ती हौसेनं घेतली होती. ऐंशीच्या दशकात माझी वरात तिच्यातूनच निघायची होती. ऐन वेळी इंजिन बोलेना. बाबांनी सरळ बैल जुंपले.

आत तापलेलं रेक्झिन, हळद, घाम. बाहेर बँडवालेसुद्धा हसत होते. मला उतरून पळावंसं वाटत होतं, पण दार फक्त बाहेरून उघडायचं. मी काच बडवली. "बाबा, मी चालत येते!"

"गप बस गो बाय, सगले बघतान!" ते बैलांच्या मागं, गाडीच्या बाजूनं, बॉनेटवर हात ठेवून ऐटीत चालत होते. तेव्हा त्या हाताचाही राग आला होता.

"काकू, बसून बघा ना," मालक म्हणाला. बसले. बसल्याबसल्या हात दाराच्या मुठीवर गेला. दार आतून सहज उघडलं. मी ते पुन्हा लावून घेतलं आणि समोर बॉनेटकडे बघत राहिले. तिथं कुणीच चालत नव्हतं.